ताप येऊ नये म्हणून

११ फेब्रुवारी, रविवार

सुविधा आज स्कूटरवरून पडली. चोपड्याचा पूल उतरल्यावर वळणावर कुणीतरी रेती सांडली होती, तिथे चाक घसरलं. मागे शेजारची विनिता बसली होती. तिचा गुडघा खरचटला. सुविधाला तेवढंही नाही, हेल्मेटच्या आत कपाळावर एक टेंगूळ, बस्स. पेडण्याच्या डॉक्टरांनी बघितलं, गोळ्या दिल्या, दोघी रिक्षाने घरी आल्या. विनिताच जास्त घाबरली होती. सुविधा म्हणाली, ‘‘स्कूटर खंय आसा ती पळयात पयली.’’

(घरी आम्ही नवरा-बायको कोकणीच बोलतो. डायरी मात्र मराठीत, त्यामुळे माझं बोलणंही इथे मराठीतच उतरतं. शाळेत लागलेली सवय.)

स्कूटर उद्या आणेन. बारावीची परीक्षा तोंडावर आहे आणि माझा जीवशास्त्राचा भाग शिकवून संपायचा आहे.

२५ फेब्रुवारी

टेंगूळ गेलं, पण चाल बिघडली. भिंतीला हात लावून चालते. काल हुमणाचं, माशांच्या आमटीचं, भांडं हातातून सुटलं. आज न्हाणीघराच्या पायरीवर बसूनच राहिली, म्हणे पाय उचलत नाही. मार लागल्याची भीती मनात बसली असणार. मी म्हटलं, ‘‘मनातून काढून टाक.’’ ती म्हणाली, ‘‘पायांतसून कशें काडूं?’’

मला राग आला. का आला कळत नाही. दमलोय.

१४ मार्च

बांबोळीला, पणजीजवळच्या मोठ्या इस्पितळात, गेलो होतो. डॉक्टर मनीषा म्हणून आहेत, मेंदूच्या. वयाने माझ्यापेक्षा लहान, पण घाई नाही करत. मेंदूचा फोटो समोर लावला आणि म्हणाल्या, ‘‘हा भाग एकसारखा करडा दिसायला हवा. इथे तो पाण्यासारखा दिसतोय.’’ मेंदूतल्या तारांवर पांढरं आवरण असतं. ते विरत चाललंय. पडल्यामुळे एवढं होत नाही, आधीपासून होत होतं, पडल्यामुळे त्याला वेग आला.

मग त्यांनी भलतंच विचारलं. ‘‘पाळी नियमित आहे?’’

सुविधा म्हणाली, ‘‘गेली. एकतिसाव्या वर्षी.’’

डॉक्टर लिहिता लिहिता थांबल्या. मला तेव्हा वाटलं, यांना आमच्या मूल नसण्याशी काय करायचंय. रक्त बंगळुरूला पाठवलंय, जनुकांच्या तपासणीला.

येताना गाडीत ती झोपली. मी पेपर तपासायचे राहिलेत एवढाच विचार करत होतो. असं होतं माझं.

२२ एप्रिल

अहवाल आला.

जे कळलं ते लिहून काढतो, नाहीतर डोक्यात गोल गोल फिरत राहील. पेशीला कुठलंही प्रथिन बनवायचं तर आधी सुरुवात करून देणारा एक घटक लागतो. एका प्रथिनाची सुरुवात करून दिली की तो रिकामा होतो. त्याला पुन्हा भरून द्यायला दुसरं एक प्रथिन असतं, त्याचं नाव ईआयएफ-टू-बी. त्याने भरून दिलं तर पुढचं प्रथिन सुरू होणार. अंगात ताप आला, विषाणू शिरला, मार बसला, की पेशी मुद्दामच हे भरून देणं कमी करते. सगळीकडचं काम मंद होतं आणि जीव वाचवायला लागतात ती मोजकी प्रथिनं मात्र बनत राहतात. संकट टळलं की काम पूर्ववत. निरोगी माणसात हे रोज कुठे ना कुठे चालू असतं, कुणाला कळतही नाही.

सुविधाचं ते भरून देणारं प्रथिनच जन्मापासून कमजोर आहे. एरवी कसंबसं निभावतं. पण ताण आला की तिच्या पेशी गरजेपेक्षा फार जास्त मंदावतात आणि लवकर सावरत नाहीत. ह्याचा सगळ्यात जास्त फटका मेंदूतल्या त्या पांढऱ्या भागाला. आणि बायकांमध्ये अंडाशयाला.

हे डॉक्टर मनीषा सांगत होत्या तेव्हा मी मान डोलवत होतो. ट्रान्सलेशन, म्हणजे पेशीत प्रथिन बनणं. सोळा वर्षं शिकवतोय. आमच्या पुस्तकात एक ओळ आहे, ‘त्यानंतर प्रक्रिया सुरू होते.’ ती कोण सुरू करून देतो, किती वेगाने, कोण थांबवतो, हे मी कधी कुणाला विचारलं नाही आणि मला कुणी विचारलं नाही.

औषध नाही. परदेशात चाचण्या चालू आहेत. त्यांनी जपायचं काय ते सांगितलं. ताप येऊ द्यायचा नाही, आला तर लगेच उतरवायचा आणि त्यांना फोन करायचा. डोक्याला मार नको. अचानक भेदरणंही नको. आणि म्हणाल्या, ‘‘जपा, पण डांबून ठेवू नका. त्यांना त्यांचं आयुष्य जगू दे.’’ म्हणायला सोपं.

सुविधा सगळं शांतपणे ऐकत होती. बाहेर बाकावर बसल्यावर म्हणाली, ‘‘म्हणजे त्या सगळ्या औषधांचो, नवसांचो, उपासांचो कांयच संबंध नासलो?’’

‘‘नाही.’’

‘‘म्हजी चूक नासली.’’

‘‘कुणाचीच नव्हती.’’

ती हसायला लागली. मग रडायला लागली. दोन्ही एकदम. येणारेजाणारे बघत होते. मी तिला पाण्याची बाटली दिली. दुसरं काय देणार.

५ मे

डिचोलीहून सासरे आले होते, गोकुळदास. मानकुराद आंब्यांची करंडी घेऊन बसने. त्यांना खोकला दिसला म्हणून मी बाहेरच बाल्कांवात, ओट्यावर, कदेल म्हणजे खुर्ची टाकून दिली. सुविधा दाराच्या आत, ते बाहेर. दोघं अशीच बोलत बसली.

मी चहा घेऊन गेलो तेव्हा ते मला म्हणाले, ‘‘मास्तर, हें दोगांकडल्यान येता म्हणटात, खरें?’’

मी सांगितलं, हो. आईकडून एक, वडिलांकडून एक, दोन्ही जनुकं सदोष असली तरच. तुम्हाला स्वतःला काही होत नाही.

‘‘हिची आई सुटली मगे. ऐकूंक उरली ना.’’

सुविधा आतून म्हणाली, ‘‘बाबा, आंबे दिल्यात ते तुमीच मा? मगे आंब्यांचेंय नांव घेयात.’’

ते हसले नाहीत. जाताना दारातून हात पुढे केला तिच्या डोक्यावर ठेवायला. मी म्हटलं, ‘‘हात धुतलेत का?’’ त्यांनी हात मागे घेतला.

त्यांना वाईट वाटलं असेल. पण आता कुणाला वाईट वाटेल म्हणून चालणार नाही.

१९ मे

घराची व्यवस्था लागली. मेजाच्या, कपाटाच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला. न्हाणीघरात दांडे बसवले. स्कूटर विकली. उंडे आता पोदेराकडून, पाववाल्याकडून, दारात घेत नाही, मीच जाऊन आणतो आणि तव्यावर गरम करतो. थर्मामीटर सकाळ-संध्याकाळ. लग्नाची दोन आमंत्रणं होती, कळवून टाकलं येत नाही म्हणून. सुविधा म्हणाली एक तरी करूया, मांद्र्याचं, उघड्यावर आहे. मी म्हटलं, उघड्यावर असलं तरी माणसं तीच.

पाठ दुखते. पण आता झोप लागते, हे खरं. मार्च-एप्रिलमध्ये डोळ्याला डोळा नव्हता.

२३ जून

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. बारावीच्या वर्गात या वर्षी ऐंशी मुलं. सकाळी तिची पेज, औषधं, अंघोळीला आधार, मग शाळा, दुपारी येऊन पुन्हा. तिच्या चालण्यात थोडी सुधारणा आहे. काठी घेऊन अंगणापर्यंत जाते.

आज विनिता आली होती. चवथीच्या फुगड्यांचा सराव पुढल्या महिन्यात सुरू करायचा. दरवर्षी तो आमच्या सालात, बाहेरच्या मोठ्या खोलीत, होतो, कारण जागा मोठी आणि गाणी घालणारी सुविधा. सुरुवातीची ओळ तिची, मग बाकीच्या उचलतात. नवीन ओळी ती उभ्या उभ्या रचते. तालुक्याच्या स्पर्धेत त्यांचं मंडळ दोनदा पहिलं आलंय. मी कधी बसून बघितलं नाही. बायकांचं असतं ते, आणि माझे पेपर असतात.

मी विनिताला दारातच म्हटलं, ‘‘या वर्षी नको.’’

‘‘तिका विचारलें?’’

‘‘डॉक्टरांनी नको म्हटलंय. बारा-पंधरा बायका, पावसाचे दिवस, प्रत्येकीच्या घरात लहान मूल सर्दीने फुरफुरतंय.’’

‘‘डॉक्टरांनी फुगडीचें नांव घेतलें?’’

‘‘घेतलं.’’

घेतलं नव्हतं. पण अर्थ तोच. विनिताने माझ्याकडे बघितलं आणि ‘‘बरें’’ म्हणून गेली.

सुविधा आत होती. तिने काही विचारलं नाही.

१४ जुलै

सराव विनिताच्या घरी सुरू झाला. तिचं साल लहान, बायका अंगणापर्यंत येतात. इथपर्यंत ऐकू येतं. सुविधा संध्याकाळी जनेलापाशी, म्हणजे खिडकीपाशी, कदेल ओढून बसते. आज डास फार होते म्हणून मी जनेल लावून घेतलं. मी म्हटलं, ‘‘डेंगीचे दिवस.’’

‘‘हय,’’ म्हणाली.

एक चांगलं आहे, आता ती कशाचाच हट्ट करत नाही. सुरुवातीला करायची. नियम अंगवळणी पडलेत. जेवण थोडं कमी झालंय, बोलणंही, पण ताप नाही. एप्रिलपासून एकदाही नाही. डॉक्टर मनीषांना फोनवर हे सांगितलं तेव्हा मला बरं वाटलं. त्या म्हणाल्या, ‘‘त्या स्वतः कशा आहेत?’’ मी म्हटलं, ताप नाही.

२९ जुलै

आज ट्रान्सलेशन शिकवलं. पुस्तकातली ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. तास संपेपर्यंत बोलत राहिलो. सुरुवात करून देणारा, भरून देणारा, ताण आल्यावर पेशी काय थांबवते, काय चालू ठेवते. मुलं एवढी गप्प कधी नसतात. मध्ये मध्ये फक्त खोकले. अर्धा वर्ग खोकतोय सध्या.

माझाही घसा धरलाय. एवढं बोलायची सवय नाही, शिवाय खडूची धूळ. घरी आल्यावर मिठाच्या गुळण्या केल्या. सुविधाचे पाय चेपून दिले. बऱ्याच गप्पा मारत होती आज, का कोण जाणे. मी तास कसा झाला ते तिला सांगितलं. ती म्हणाली, ‘‘माका लेगीत अशें कोणें शिकयल्यार बरें जातलें.’’ तिलाही मग सगळं पुन्हा सांगितलं, पलंगावर शेजारी बसून.

३१ जुलै

मला ताप आहे. एकशे एक. मधल्या खोलीत वेगळा झोपलोय. तोंडाला मास्क. विनिताला बोलावलं सुविधाकडे बघायला. दुसरं कोण आहे.

२ ऑगस्ट

सुविधाला ताप.

४ ऑगस्ट

बांबोळी. ताप उतरवलाय पण ती जागी होत नाही. हाक मारली की पापण्या हलतात.

मी दारं लावली, जनेलं लावली. सासऱ्यांना बाहेर बसवलं. आणि आणला कुणी.

९ ऑगस्ट

तसंच.

डॉक्टर मनीषा म्हणाल्या, ‘‘तुम्हीच आणला असं धरून बसू नका. पावसाळा आहे, कुठूनही येतो.’’ चांगल्या आहेत. पण मी विज्ञान शिकवतो.

सासरे रोज येतात. डिचोलीहून दोन बस बदलून. तिच्या पायाशी बसतात. मी आज त्यांना म्हटलं, डोक्यापाशी बसा. ते उठून हात धुऊन आले आणि मग बसले. मला तोंड कुठे लपवू असं झालं.

१३ ऑगस्ट

डोळे उघडले. पहिल्यांदा पाणी मागितलं. शब्द जड येतात, एकेक उचलून आणल्यासारखे. डावा पाय हलत नाही, उजवा थोडा. विनिताला ओळखलं. मला बघून म्हणाली, ‘‘मास्तर, दाढी.’’

दाढी वाढली होती खरी.

२१ ऑगस्ट

घरी आलो. चाकाची कदेल घेतली. डॉक्टरांनी सांगितलं, थोडं परत मिळेल, सगळं नाही. आता पहिल्यासारखं उभं राहणं होईल असं वाटत नाही.

विनिता पेज घेऊन आली होती, पेजेत मीठ जास्त. सुविधाने सगळी खाल्ली.

२३ ऑगस्ट

हे जसं झालं तसं लिहितो.

संध्याकाळी तिला बाल्कांवात बसवलं होतं. अंधार पडत आला. मग म्हणाली, ‘‘डॉक्टरान फुगडी नाका म्हणून सांगिल्लें?’’

मी म्हटलं, ‘‘नाही.’’

‘‘माका खबर आसलें.’’

‘‘विनिताने सांगितलं?’’

‘‘ना. जूनांत हांवेंच फोन केल्लो डॉक्टराक.’’ थांबली. श्वास घेतला. तिला आता प्रत्येक वाक्याला वेळ लागतो आणि मध्येच बोललो तर धागा तुटतो, म्हणून मी गप्प राहायला शिकतोय. ‘‘ती म्हणाली, खुशाल गावचें. कोण आजारी आसल्यार येवंक नाका म्हण, बस्स.’’

‘‘मग मला का नाही सांगितलंस?’’

‘‘तुमकां नीज येताली.’’

मला आधी कळलंच नाही.

‘‘मार्चांत, एप्रिलांत तुमी रातभर उठून म्हज्या नाकाकडेन हात धरताले. हांव जागी आसताली. मगे तुमी सगळें बंद केलें आनी तुमकां नीज आयली.’’ थोडं थांबून, ‘‘म्हटलें, आसूं दी. एक वर्स.’’

एवढे महिने मी समजत होतो की मी तिला सांभाळतोय.

‘‘पूण एक वर्स पुरो,’’ ती म्हणाली. ‘‘आनी नाका. विनिताक आपयात.’’

२५ ऑगस्ट

विनिताकडे गेलो. सराव आमच्या सालात करूया म्हटलं. खोकला-ताप असलेल्या बाईने घरी राहायचं, आल्यावर हात धुवायचे, एवढंच. तिने विचारलं, ‘‘डॉक्टर आतां हय म्हणटात?’’

‘‘आधीही हो म्हणत होत्या.’’

मला वाटलं बोलेल चार शब्द. ती म्हणाली, ‘‘बायो सांजच्यो पांच वरांचेर येतल्यो. मेज कुशीक काड.’’

मेज कुशीला काढलं. कपाटाचे स्पंज राहू दिले, बायका फिरताना त्यांनाच लागू नये म्हणून.

१ सप्टेंबर, रविवार

आज मी पहिल्यांदा बसून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून.

सुविधा मध्ये कदेलीवर, बायका भोवती. तिचा आवाज पूर्वीचा नाही, एका ओळीत दोनदा अडकतो. पहिल्या फेरीत ती अडकली तेव्हा कुणीतरी पुढचा शब्द उचलू गेली. विनिताने तिचा हात दाबला. मग सगळ्या थांबल्या. एकमेकींचे हात धरून, एक पाय पुढे टाकून, तशाच. सुविधाला शब्द सापडला आणि पावलं पडली. त्यानंतर त्यांनी चालच बदलली. तिच्या ओळीच्या वेगाने फेर धरायचा. इतकी संथ फुगडी कुणी बघितली नसेल. दमल्या नाहीत म्हणून हसत होत्या.

शेवटी तिने नवीन ओळी घातल्या. पहाऱ्यावर बसलेल्या मास्तरावर, माझ्याकडे बघत.

‘दार बंद, जनेल बंद, मास्तर बसलो पाऱ्यार गो,
ताप आयलो, कसो आयलो? मास्तराच्याच वाऱ्यार गो!’

सगळ्या एकदम माझ्याकडे वळल्या. विनिताने पदर तोंडाला लावला. क्षणभर कुणाला कळेना हसावं की नाही. सुविधाने तीच ओळ परत घातली, अडखळत, पण मोठ्याने. मग मीच हसलो. हसताना डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना, तेव्हा उठून चहा ठेवायला गेलो. साखर दोनदा घातली असावी, कुणी काही म्हटलं नाही.

१५ सप्टेंबर

स्पर्धा झाली. मंडळाचा नंबर आला नाही. परीक्षकांपैकी एक बाई नंतर म्हणाल्या, ताल संथ आहे. विनिता म्हणाली, ‘‘आमचो ताल तोच.’’

येताना गाडीत सुविधाच्या अंगाला हात लावून बघितला. ताप नव्हता. ती म्हणाली, ‘‘पळयलो? आतां हात काडात.’’

२० ऑक्टोबर

मध्ये लिहायला जमलं नाही. दसऱ्याच्या सुमारास पुन्हा ताप आला, बारीकसा. दोन दिवसांत गेला, पण उजवा हात घेऊन गेला. चमचा आता धरवत नाही. या वेळी कुठून आला हे मी शोधत बसलो नाही. सासरे इथेच राहायला आलेत, दुपारी मी शाळेत असताना ते भरवतात. भरवता भरवता तिला डिचोलीच्या बाजारातल्या बातम्या सांगतात.

डॉक्टर मनीषांनी परदेशातल्या चाचणीसाठी नाव कळवलंय. घेतील की नाही ठाऊक नाही. सुविधा म्हणाली, ‘‘नांव दियात. पूण वाट पळोवंक नाका.’’

दमलोय. पूर्वी दमायचो तेव्हा काहीतरी संपवायचं असायचं. आता तसं नाही.

३ नोव्हेंबर

आता तिला गाता येत नाही. आवाज निघतो, सूर धरत नाही. पण ओळी सुचतात. बोलून दाखवते, मी म्हणून दाखवतो, विनिता पाठ करून घेते. एका ओळीला कधी कधी अर्धी संध्याकाळ जाते. मी घाई करत नाही. करायचं तरी काय आहे दुसरं.

आज तीन ओळी झाल्या. पहिली सासऱ्यांच्या खोकल्यावर, दुसरी विनिताच्या पेजेतल्या मिठावर. तिसरी तिच्या स्वतःच्या पायांवर, की ते घर सोडून गेले आणि सांगून गेले नाहीत. ती सांगताना ती हसली नाही आणि मलाही हसू आलं नाही. मग डोळे मिटून पडून राहिली.

थोड्या वेळाने मी विचारलं, ‘‘आणि चौथी?’’

‘‘तुमी घालात.’’

मी म्हटलं, मला कुठे येतं ते. मी बराच वेळ बसलो. मग जे सुचलं ते म्हटलं, यमक जुळवून, शाळेतल्या स्नेहसंमेलनात म्हणतात तसलं.

तिने डोळे न उघडताच सांगितलं, ‘‘नापास.’’

सासरे बाहेर हसले. मी दुसरी करून बघितली. तीही नापास. आता तिसरी जुळवतोय. ती डोळे मिटूनच आहे, पण झोपलेली नाही. मध्येच म्हणाली, ‘‘सावकाश.’’